पोर्ट्रेटसाठी प्राइम लेन्स: कॅमेऱ्याच्याच कंपनीची घ्यायची की दुसऱ्या कंपनीची?

दिवाळीनंतर आपल्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात, रात्ररात्र नाटकं चालतात, आणि ते संपता संपता लग्नाचा हंगाम तोंडावर येतो. नेमक्या त्याच वेळी माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून येत राहतो. "भाऊ, धान विकला, थोडे पैसे हाती आहेत. कॅमेरा आहे, लेन्स घ्यायची आहे. कंपनीची घेऊ का दुसरी?" विचारणारा बहुतेक वेळा वीस-बावीस वर्षांचा असतो. फोनवर फोटो काढत शिकलेला, कोणाकडून तरी सेकंडहँड कॅमेरा घेतलेला, आणि आता दोन-चार ऑर्डर मिळवून घरी चार पैसे द्यायची इच्छा असलेला.

दर वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकतो. लेख थोडा मोठा आहे, पण खिशातले आठ-दहा हजार जाणार आहेत, कोणाचे तीस-पस्तीस हजार जाणार आहेत. त्यामुळे निवांत वाचा.

आधी फोनचा प्रश्न मिटवू

"माझ्या फोनलापण एफ १.८ लिहिलंय, मग लेन्सला कशाला पैसे घालू?" हा प्रश्न अजिबात चुकीचा नाही. एफ नंबर म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ भागिले प्रकाश आत येतो त्या भोकाचा व्यास. ५० मिमीच्या लेन्सला एफ १.८ असेल तर ते भोक ५० भागिले १.८, म्हणजे साधारण २८ मिमीचं होतं. दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं असतं, म्हणजे जवळपास तेवढंच. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ मात्र पाच-सात मिमीच्या आसपास असते. तिथे एफ १.८ चं भोक तीन-चार मिमीचं, मुगाच्या दाण्याएवढं. आकडा सारखा दिसतो, वस्तू सारखी नाही.

म्हणूनच फोनमध्ये मागचं सगळं स्वच्छ दिसतं आणि पोर्ट्रेट मोडला सॉफ्टवेअरने ब्लर बनवावा लागतो. चांगल्या फोनमध्ये तो आता खरंच छान येतो, मी नावं ठेवणार नाही. पण नवरीच्या मुंडावळ्या, कपाळावर उडणारे बारीक केस, म्हाताऱ्या माणसाच्या चष्म्याची काडी अशा ठिकाणी तो गोंधळतो. कधी काडीच गायब होते. आणि रात्री मंडईत, हलत्या माणसावर, तो जास्तच गोंधळतो.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. फोनचा मुख्य कॅमेरा वाइड असतो, त्यामुळे चेहरा मोठा दिसावा म्हणून आपण जवळ जातो आणि जवळ गेलो की नाक मोठं, कान लहान दिसतात. हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. दीड-दोन मीटर दूर उभं राहून त्याच चेहऱ्याने फ्रेम भरायची असेल तर लांब फोकल लेंग्थ लागते. पोर्ट्रेटसाठी ८५ मिमीचं नाव सगळे घेतात ते याच कारणाने.

क्रॉप सेन्सर आणि आपल्या घरातल्या खोल्या

आपल्याकडे बहुतेकांकडे असलेले कॅमेरे, कॅननचे १५०० डी, २०० डी, निकॉनचे डी ३५०० किंवा डी ५६००, सोनीचा ए ६४००, हे सगळे क्रॉप सेन्सरचे. कॅननमध्ये क्रॉप १.६ पट, निकॉन आणि सोनीमध्ये १.५ पट. म्हणजे कॅननवर ५० मिमी लावली की ती फुल फ्रेमवरच्या ८० मिमीसारखी दिसते, निकॉन-सोनीवर ७५ सारखी. पोर्ट्रेटची लेन्स म्हणून स्वस्तातली ५० आधीच तयार आहे, हे इथे लक्षात घ्या.

पण यूट्यूबवर कोणीतरी ८५ मिमीचं कौतुक करतो आणि आपली मुलं क्रॉप बॉडीवर ८५ मागवतात. मग हिशोब पाहा. कॅननच्या क्रॉप बॉडीवर कॅमेरा उभा धरून डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा ठेवून, माणूस घ्यायचा असेल तर ८५ मिमीला साधारण २५ फूट मागे जावं लागतं. ५० ला १५ फूट आणि ३५ ला १० फूट पुरतात. आता सांगा, आपल्या गावातल्या कोणत्या घरात २५ फुटांची मोकळी खोली आहे? खांब तलावाच्या काठावर किंवा वैनगंगेच्या रेतीत ८५ मस्त चालते. मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोशाचं कापड विणतात, तिथे मागाच्या खोलीत विणकराचा फोटो काढायला ८५ घेऊन जाल तर पाठ भिंतीला टेकेल आणि फ्रेममध्ये फक्त डोळा आणि मिशी येईल. तिथे मी ३५ लावतो.

त्यामुळे कोणत्या कंपनीची, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न किती मिमीची हा आहे, आणि त्याचं उत्तर तुम्ही कुठे उभे राहून फोटो काढणार यावर ठरतं. किट लेन्स ३५ वर ठेवा, एक पूर्ण दिवस तशीच वापरा. दुसऱ्या दिवशी ५० वर. फुकटात उत्तर मिळतं.

थर्ड पार्टी म्हणजे डुप्लिकेट नव्हे

आपल्याकडे "कंपनीचा" आणि "लोकल" अशी दोनच नावं आहेत. मोबाईलच्या चार्जरला ती चालतात, लेन्सला नाही. टॅमरॉन ही जपानी कंपनी १९५० पासूनची आणि सिग्मा १९६१ पासूनची. सिग्माचा कारखाना जपानमध्येच आइझू इथे आहे. सॅमयांग कोरियाची, १९७२ ची. यांच्या काही लेन्स कॅमेरा कंपनीच्या लेन्सपेक्षा सरस आहेत. दुसऱ्या बाजूला चीनमधल्या शेन्झेनच्या यॉन्ग्नुओ आणि विलट्रॉक्ससारख्या कंपन्या, ज्यांनी कमी दरात ऑटोफोकसच्या प्राइम लेन्स आणल्या. या सगळ्यांना एकाच पोत्यात भरून "थर्ड पार्टी" म्हणणं सोयीचं आहे, पण त्यातून तुम्हाला निर्णय घेता येत नाही.

खरा फरक काचेत कमी आणि बोलण्यात जास्त आहे. लेन्सच्या मागे पितळी रंगाचे छोटे ठिपके दिसतात ना, ते संपर्कबिंदू. त्यांतून कॅमेरा आणि लेन्स सतत बोलत असतात. लेन्स सांगते, मी ५० मिमीची, माझं फोकस आत्ता इथे आहे. कॅमेरा सांगतो, मोटर इतकी फिरव, अ‍ॅपर्चर इतकं बंद कर. ही भाषा कॅमेरा कंपनीची स्वतःची असते. ती काही कंपन्या परवाना देऊन दुसऱ्यांना शिकवतात, काही शिकवत नाहीत. मग दुसरा लेन्सवाला ती ऐकून ऐकून शिकतो, जसं आपण गोंदिया लाइनच्या गाडीत बसून छत्तीसगढी शिकतो. नव्वद टक्के जमतं. अडतं ते उरलेल्या दहा टक्क्यांत.

अडलं कुठे याचं उदाहरण देतो. २०१३ मध्ये निकॉनचा डी ५३०० आला तेव्हा सिग्माच्या काही लेन्सना लाइव्ह व्ह्यूमधल्या ऑटोफोकसमध्ये अडचण आली. सिग्माने फर्मवेअर देऊन ती सोडवली. म्हणजे सिग्माकडे सोडवायची सोय होती. म्हणून थर्ड पार्टी लेन्स घेताना पहिलं विचारायचं ते हे: फर्मवेअर अपडेट कसं करायचं? सिग्माच्या डीएसएलआर लेन्सना यूएसबी डॉक नावाची वेगळी चकती मिळते, मिररलेसच्या लेन्स बॉडीवर लावून कॅमेऱ्यातूनच अपडेट होतात, विलट्रॉक्सच्या बऱ्याच लेन्सना स्वतःचाच यूएसबी पोर्ट असतो. अपडेटचा रस्ताच नसलेली लेन्स स्वस्त असली तरी उद्या तुम्ही बॉडी बदलली की ती दगड होऊ शकते.

तुमचा कॅमेरा कोणता, त्यावर सगळं आहे

सगळ्यात जास्त लोक कॅननच्या जुन्या ईएफ माउंटवर आहेत, म्हणून तिथून सुरू करतो आणि तिथेच जास्त थांबतो.

कॅननची ५० मिमी एफ १.८ एसटीएम ही लेन्स २०१५ ची. त्याआधीची एफ १.८ दोन नंबरची, १९९० पासून चालत आलेली, अजूनही सेकंडहँड बाजारात फिरते. दोघींत फरक मोठा आहे. जुनीचं माउंट प्लास्टिकचं, नवीचं धातूचं. जुनीला अ‍ॅपर्चरच्या पाच पात्या, नवीला सात. जुनी ४५ सेंटीमीटरच्या अलीकडे फोकस करत नाही, नवी ३५ पर्यंत जाते. आणि जुनीची मोटर अशी आवाज करते की व्हिडिओत तीच ऐकू येते. वजन नवीचं १६० ग्रॅम, म्हणजे खिशात राहील एवढंच.

पात्यांचा फरक पाहायचा असेल तर आपल्या भंडाऱ्याइतकी चांगली जागा नाही. हे पितळी भांड्यांचं गाव. लग्नात रुखवतात घासलेल्या घागरी मांडलेल्या असतात, त्यांच्यावर बल्बचे ठिपके चमकतात. एफ २.८ वर फोटो काढा. जुन्या लेन्सवर मागचे ठिपके पंचकोनी दिसतील, नवीवर बरेच गोल. ज्याला हे दिसलं त्याला बोके म्हणजे काय हे पुन्हा सांगावं लागत नाही.

आता यॉन्ग्नुओ. त्यांची पहिली ५० मिमी एफ १.८ बाहेरून कॅननच्या त्या जुन्या लेन्सची बहीण वाटावी अशीच होती. स्वस्त आहे, फोटो येतो, दिवसा येतो. पण कॅननची एसटीएमच मुळात दहा हजारांच्या घरात मिळते. दर हलतात, पण दोघींतला फरक दोन-चार हजारांच्या पलीकडे फारसा जात नाही. तेवढ्यासाठी मी कॅननच्या क्रॉप बॉडीवर थर्ड पार्टी ५० घ्यायला सांगत नाही, आणि त्याचं कारण ब्रँडचं प्रेम नाही. कारण फोकस आहे.

नीट समजून घ्या, कारण हा सगळ्यात कामाचा भाग आहे. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून पाहताना फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, फोटो काढणारा वेगळा. दोघांचा ताळमेळ थोडा चुकला की फोकस डोळ्याऐवजी नाकाच्या टोकावर किंवा कानावर बसतो. एफ ५.६ वर हे कळतच नाही. एफ १.८ वर कळतं, कारण क्रॉप बॉडीवर ५० मिमीने दीड मीटरवरून फोटो काढला तर स्वच्छ दिसणारी खोली साधारण ६ सेंटीमीटरच असते. त्यातली निम्मी पुढे, निम्मी मागे. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत मोजून पाहा, चेहरा यापेक्षा खोल आहे. मोठ्या बॉडींमध्ये ही चूक दुरुस्त करायची सेटिंग असते, १५०० डी किंवा २०० डी मध्ये नाही. म्हणजे ताळमेळ चुकलेली लेन्स मिळाली तर तुमच्या हातात काही उरत नाही. स्वस्त थर्ड पार्टी लेन्समध्ये हा धोका जास्त. कॅननच्या लेन्समध्ये तो शून्य नाही, पण निदान बॉडी आणि लेन्स दोन्ही एकाच सर्व्हिस सेंटरवर टाकून "जुळवून द्या" म्हणता येतं. दोन कंपन्या असल्या की लेन्सवाला म्हणतो बॉडी खराब, बॉडीवाला म्हणतो लेन्स. माझ्या ओळखीच्या एका मुलाचं असंच दोन महिने चाललं, नावं सांगत नाही, पण त्या दोन महिन्यांत तीन लग्नं होऊन गेली.

घरी तपासायची पद्धत सांगतो. तीन गडवे किंवा तांबे ओळीत नाही तर तिरके ठेवा, एकापेक्षा दुसरा पाच-पाच सेंटीमीटर मागे. कॅमेरा स्टँडवर किंवा विटांवर ठेवा. एफ १.८ वर मधल्या तांब्याच्या काठावर फोकस करा, एकदा व्ह्यूफाइंडरमधून, एकदा लाइव्ह व्ह्यूमधून. लाइव्ह व्ह्यूमध्ये मधला स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरमध्ये पुढचा किंवा मागचा स्वच्छ येत असेल, आणि दहा वेळा केलं तरी तसंच येत असेल, तर ताळमेळ चुकलाय. परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. १५०० डी वर फक्त मधला फोकस पॉइंट क्रॉस प्रकारचा आहे, तोच वापरून तपासा.

मिररलेसमध्ये हा सगळा झगडाच नाही, कारण फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो. थर्ड पार्टी लेन्सचे दिवस पालटले ते मुख्यतः यामुळे.

निकॉनवाल्यांसाठी छोटं पण महत्त्वाचं. डी ३५०० आणि डी ५६०० यांच्या मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. ५० मिमी एफ १.८ डी ही जुनी लेन्स बाजारात स्वस्त दिसते, पण तिच्यातही मोटर नाही. दोघांकडे मोटर नाही म्हणजे ऑटोफोकस नाही. नावात एएफ-एस असलेलीच घ्या, म्हणजे २०११ ची ५० मिमी एफ १.८ जी, किंवा लहान खोल्यांसाठी २००९ ची डीएक्स ३५ मिमी एफ १.८ जी. ही ३५ माझ्या मते निकॉन क्रॉपवरची सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. इथेही मी कंपनीचीच सांगेन.

सोनीवर मात्र माझं उत्तर उलटं. सोनीने २०११ मध्येच ई माउंटची मूळ माहिती इतर लेन्स कंपन्यांना परवान्याने, विनामूल्य खुली केली. त्यामुळे इथे सिग्मा-टॅमरॉन चोरून ऐकत नाहीत, त्यांना भाषा शिकवली आहे. सिग्माची ५६ मिमी एफ १.४, २०१८ ची, २८० ग्रॅमची, नऊ पात्यांची. क्रॉपवर ती ८४ मिमीसारखी दिसते, म्हणजे बरोब्बर पोर्ट्रेट. सोनीची स्वतःची फुल फ्रेमवाली ५० मिमी एफ १.८ स्वस्त आहे, पण तिची मोटर सुस्त आहे आणि आवाज करते. नाचणाऱ्या वऱ्हाडात मी ती लावणार नाही. सोनीची दुसरी ५० मिमी एफ १.८, ओएसएस लिहिलेली, ती मात्र विचारात घ्या. ए ६४०० किंवा झेडव्ही ई १० या बॉडींमध्ये हात हलल्याची भरपाई करणारी सोय नाही, या लेन्समध्ये ती आहे. सिग्मात नाही. बसलेल्या आजोबांचा संध्याकाळच्या उजेडात फोटो काढायचा असेल, व्हिडिओ करायचा असेल तर ओएसएसचा फायदा. माणूसच हलत असेल तर ओएसएस काही करू शकत नाही, तिथे सिग्माचं मोठं भोक कामाचं. एफ १.८ पेक्षा एफ १.४ ला साधारण दीडपटीहून थोडा जास्त प्रकाश येतो.

सोनीच्या ए ९ आणि ए १ वर थर्ड पार्टी लेन्स लावली तर सलग फोटोंचा वेग सेकंदाला १५ वर अडतो. पण ती बॉडी ज्याच्याकडे आहे त्याला माझा लेख वाचायची गरज नाही.

कॅननचा नवा आरएफ माउंट म्हणजे आर ५०, आर १० वगैरे. इथे कॅननने बरीच वर्षं दार लावून ठेवलं होतं. २०२२ मध्ये विलट्रॉक्सला आरएफच्या ऑटोफोकस लेन्स विकणं थांबवावं लागलं. कॅननचं म्हणणं असं की त्यांच्या पेटंट आणि डिझाइनच्या हक्कांचा भंग होतो. मग एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन दोघांनी परवान्यासह क्रॉपसाठीच्या आरएफ लेन्स जाहीर केल्या, आणि सिग्माची तीच ५६ एफ १.४ आता आरएफमध्येही मिळते. बजेट असेल तर ती घ्या. नसेल तर कॅननची आरएफ ५० मिमी एफ १.८, २०२० ची, १६० ग्रॅमची, चांगली आहे. आणि घरात जुनी ईएफ ५० पडली असेल तर फक्त अ‍ॅडॉप्टर घ्या, काहीच बदलू नका.

निकॉनच्या झेड क्रॉपवरही २०२३ पासून सिग्माची ५६ परवान्याने आली आहे. सोनीसारखंच उत्तर.

रंग, उलटा उजेड आणि नाटकाची रात्र

"कंपनीच्या लेन्सचा रंगच वेगळा" असं छातीठोक सांगणारे भेटतात. थोडं खरं आहे. काचेवरचा थर वेगळा असला की फोटो किंचित पिवळा किंवा थंड दिसतो. पण तेवढा फरक व्हाइट बॅलन्स एक रेघ सरकवला की जातो. रॉमध्ये काढत असाल तर हा मुद्दा सोडून द्या.

उलट्या उजेडाचं मात्र तसं नाही. वैनगंगेच्या काठावर संध्याकाळी सूर्य पाठीमागे घेऊन जोडप्याचे फोटो काढायची आपल्याकडे फॅशन आहे. अशा वेळी स्वस्त लेन्सच्या काचेत प्रकाश इकडेतिकडे आपटतो, काळा रंग राखाडी होतो, सावळा चेहरा धुरकट दिसतो. हे एडिटिंगमध्ये पूर्ण परत येत नाही. लेन्स घेताना दुकानातल्या ट्यूबलाइटकडे किंवा दाराच्या उजेडाकडे तोंड करून एक फोटो काढाच. आणि लेन्स हूड घ्या, स्वस्त असतो. कोणत्याही कंपनीचा चालतो, इथे मी थर्ड पार्टीच घेतो.

झाडीपट्टीच्या नाटकाची रात्र ही माझ्या दृष्टीने लेन्सची खरी परीक्षा. मंडपाच्या मागे, रंगवलेल्या चेहऱ्याचा कलाकार बल्बखाली बसलाय, पाच मिनिटांत स्टेजवर जाणार. किट लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ च्या खाली जात नाही. एफ १.८ वर त्याच्या साडेनऊ पट प्रकाश येतो. म्हणजे जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे ६४० वर काम होतं. इथे कंपनी कोणती हे कोणी विचारत नाही. फक्त फोकस पहिल्या झटक्यात लागला पाहिजे, कारण तो कलाकार पुन्हा बसणार नाही. अंधारात पुढे-मागे शोधत बसणारी लेन्स असेल तर एफ १.४ लिहिलेलं असूनही उपयोग नाही. घेण्याआधी खोलीचा दिवा मालवून, फक्त फोनच्या स्क्रीनच्या उजेडात, मित्राच्या चेहऱ्यावर दहा वेळा फोकस लावून पाहा. किती वेळा लागला ते मोजा. आठच्या खाली असेल तर मी ती लेन्स परत ठेवतो.

मॅन्युअल फोकसच्या स्वस्त लेन्स

आजकाल तीन-पाच हजारांत एफ १.४, एफ १.२ च्या मॅन्युअल लेन्स दिसतात. मिररलेस असेल आणि शिकायची हौस असेल तर घ्या, फोकस पीकिंग लावा, मजा येते. धंद्यासाठी नको. एफ १.४ वर ५६ मिमीने दीड मीटरवरून जेमतेम ४ सेंटीमीटर स्वच्छ येतं, आणि नवरी मान हलवते.

एका कामासाठी मात्र मला त्या आवडतात. गावात एखाद्याचं निधन झालं की घरचे फोटो मोठा करायला घेऊन येतात. तो फोटो बहुतेक वेळा आधार कार्डावरचा असतो, नाहीतर कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून कापलेला. आयुष्यभर धानाच्या बांधीत राबलेल्या बाईचा एक धड फोटो घरात नसतो. म्हणून मी ओळखीच्या घरी गेलो की आजी-आजोबांना दाराजवळ खुर्ची टाकून बसवतो, बाहेरचा उजेड एका बाजूने येऊ देतो आणि दोन-चार फोटो काढतो. ती माणसं घाईत नसतात. एफ २.८ ठेवला की दोन्ही डोळे स्वच्छ येतात. इथे मॅन्युअल लेन्स पुरते, कंपनीची ५० पुरते, अगदी किट लेन्सही पुरते. तुमच्याकडे आज जे आहे त्याने हे काम सुरू करा, लेन्सची वाट पाहू नका.

सेकंडहँड घेत असाल तर

आमच्याकडे नवीन लेन्स पाहायची म्हणजे साठेक किलोमीटरवर नागपूर, त्यामुळे बरेच जण ऑनलाइन किंवा ओळखीतून जुनी घेतात. त्यात गैर काही नाही. कॅमेरा कंपनीच्या ५० ला विकताना गिऱ्हाईक लवकर मिळतं, थर्ड पार्टीच्या स्वस्त लेन्सला वाट पाहावी लागते. सिग्माची ५६ याला अपवाद, तिला मागणी आहे. नवी घेताना भारतातली वॉरंटी आहे का, बिलावर सिरियल नंबर आहे का ते बघा. बाहेरून आणलेली लेन्स दोन-तीन हजार स्वस्त मिळते, पण बिघडली की इथलं सर्व्हिस सेंटर हात वर करू शकतं.

जुनी लेन्स हातात आली की फोनचा टॉर्च लावा आणि मागच्या बाजूने आत मारा, पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे. आपला जिल्हा तलावांचा आणि धानाचा, पावसाळ्यात चार महिने हवा ओली. कपाटात बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्सना ती सहज लागते. धुळीचे दोन-चार कण चालतात, बुरशी नाही, कितीही स्वस्त असली तरी. मग अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाचा डाग आहे का ते पाहा, माउंटचे ठिपके झिजलेत का ते पाहा, फोकस रिंग फिरवताना खरखर येते का ते ऐका. शेवटी आपल्याच बॉडीवर लावा आणि वरची तांब्यांची परीक्षा घ्या. विकणारा "एवढं काय पाहता" म्हणाला तरी पाहा.

आणि घरी आणल्यावर बॅगेत ठेवू नका. हवाबंद प्लास्टिकचा डबा, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, वर लेन्स. पुड्यांचा रंग बदलला की त्या गरम तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात, फक्त तो तवा भाकरीसाठी परत घेऊ नका.